मॉलमधल्या शू स्टोअरला लागतेयस ना, मग हे वाच

अगं,

सिलेक्शन झाल्याचं कळलं, छान झालं. तुझ्या आईने मात्र फोनवर मला चांगलंच सुनावलं, ग्रॅज्युएट पोरीने लोकांच्या पायाला हात लावत बसायचं का म्हणून. त्यांना मी काही बोलले नाही, पण तुला स्पष्ट सांगते, पायाला हात लावायची लाज वाटत असेल तर आत्ताच नाही म्हण, कारण आपल्या लाईनमध्ये खरं काम खाली बसल्यावरच सुरू होतं. काही मुलं उभ्याउभ्याच बॉक्स पुढे करतात, साइज काय सर, आठ, हे घ्या आठ, मग चार बॉक्स उघडून माणूस निघून जातो आणि वर हीच मुलं म्हणणार की टाइमपासला आला होता.

साइज विचार, पण सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नकोस. बॉक्सवर तीन-तीन आकडे असतात, जेन्ट्समध्ये यूके ७ म्हणजे साधारण यूएस ८ आणि युरोपचा ४१, लेडीजमध्ये यूएसचं गणित परत वेगळं. यूकेचा एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते आणि युरोपचा वाढला की पावणेसातच्या आसपास, म्हणजे दोन्ही तंतोतंत जुळणारच नाहीत, आणि त्यात प्रत्येक ब्रँडचा साचा निराळा. म्हणून मोजायचं, ते पण माणसाला उभं करून आणि दोन्ही पाय, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि जोडी त्या मोठ्या पायाला बसवायची. पुढे अंगठाभर जागा, चालताना टाच उचलली जातेय का बघ. सकाळी येऊन अगदी फिट शू मागणाऱ्याला सांग की संध्याकाळपर्यंत पाय थोडा फुगतो, नाहीतर तो संध्याकाळी तुझ्या नावाने खडे फोडेल.

आणि रुंदी. याच्याकडे कोणी बघतच नाही. चेन्नईच्या सीएलआरआय या सरकारी लेदर संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर लाखाच्या वर लोकांचे पाय मोजले, त्यात आपले पाय युरोप-अमेरिकेपेक्षा रुंद निघाले, त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय साइज पण सुचवली गेली. आपल्याला फ्लोअरवर हे रोज दिसतंच. मागच्या दिवाळीत एक आजोबा आले, शेतकरी माणूस, स्टोअरच्या दारातच चपला काढायला लागले, सोबतची सून बिचारी ओशाळली. सगळं आयुष्य अनवाणी नाहीतर चपलेत गेलेलं, पंजा असा पसरलेला की करंगळी वेगळीच बाहेर. आठ नंबर चढेना म्हणून सून म्हणाली दहा द्या. मोजला तर लांबीला आठच! दहा दिला असता तर टाच बाहेर आली असती आणि आजोबा कुठल्यातरी जिन्यावर पडले असते. पुढून रुंद असलेलं एक मॉडेल काढलं, लेस पूर्ण काढून बोटांकडची पहिली दोन भोकं मोकळी सोडून परत ओवली, तिथेच पंज्याला जागा मिळते. आजोबा आरशापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, आता चावत नाही. ही लेसची युक्ती ट्रेनिंगच्या पीपीटीत नसते, लक्षात ठेव.

कम्प्लेंटमध्ये एक हमखास येणारी सांगते. लग्नात एकदाच घातला, मग कपाटात जपून ठेवला आणि आता काढला तर सोलचा भुगा झाला, डुप्लिकेट माल विकता का. डुप्लिकेट नसतो गं, पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो, आणि आपल्याकडची हवा तर काय सांगायला नको. न वापरता ठेवला तरी हे होतंच, उलट पॅक बॉक्समध्ये ओलावा कोंडतो. विकतानाच सांगून टाकायचं, अधूनमधून घालत जा आणि हवेशीर ठेवा. वॉरंटीत काय बसतं ते मॅनेजरला ठरवू दे, तू स्वतःहून काही कबूल करू नकोस.

मिसपेअरची भीती मात्र कायम बाळग. डिस्प्लेला एकच पाय असतो, सेलच्या गर्दीत डावा सात आणि उजवा आठ एका बॉक्समध्ये जातात आणि मग बदलापूरवरून माणूस लोकल बदलत येतो. बिलिंगआधी दोन्ही शूजच्या आतला नंबर स्वतः वाच, कॅशियर बघेल असं धरून चालू नकोस.

टार्गेट, यूपीटी, कन्व्हर्जन हे सगळं पहिल्याच मीटिंगमध्ये डोक्यावर आदळेल. कन्व्हर्जन म्हणजे आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, आणि यूपीटी म्हणजे एका बिलात किती नग गेले, म्हणून शूजसोबत सॉक्स, क्लीनर, इनसोल गळ्यात मारायला सांगतात. माझं मत विचारशील तर सॉक्स खुशाल विक, पातळ घरच्या सॉक्सवर ट्राय केलेला रनिंग शू जाड सॉक्सवर घट्ट होतो हे खरंच आहे. पण शंभर रुपयांची चप्पल घालून आलेल्या कॉलेजच्या पोराला चारशेचा स्प्रे चिकटवायचा, हे मला आजही जमत नाही आणि त्यामुळे माझे आकडे कधी पहिले आले नाहीत. तुझं तू ठरव.

उभं राहणं हा वेगळाच विषय आहे. स्टोअरमधली स्टुलं कस्टमरची. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या लोकांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, तो काही फुकट नाही केला. तू स्टॉक रूममध्ये गेलीस की दोन मिनिटं टेक, टाचा वर-खाली कर, आणि ड्युटीचे दोन जोड ठेवून आलटून पालटून घाल. डबा घरून ने, फूड कोर्टमध्ये जेवायला लागलीस तर पगार तिथेच संपेल.

जॉइन करताना पेरोल कंपनीचा आहे की एजन्सीचा ते विचार. बेसिकच्या १२ टक्के पीएफ कापतात, तो भरला जातोय का ते यूएएन म्हणजे तुझा पीएफचा नंबर टाकून स्वतः चेक कर. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ०.७५ टक्के ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जातो, त्याचं कार्ड मागून घे, आईच्या औषधोपचाराला पण उपयोगी पडू शकतं. लाजू नकोस, एचआर वैतागला तर वैतागू दे.

काही अडलं तर फोन कर, पण शनिवार-रविवार नको, तेव्हा मला श्वास घ्यायला फुरसत नसते. मंगळवारी दुपारी कर, तेव्हा आम्ही सगळे माशा मारत असतो.

तुझी ताई