वाचकांचे प्रश्न : पावडरची शेड जुळवताना

प्रश्न : माझा रंग सावळा आहे. हाताच्या मागच्या बाजूला लावून बघते तेव्हा कॉम्पॅक्टची शेड जुळते, पण चेहऱ्यावर लावली की राख फासल्यासारखं दिसतं. आणखी गडद शेड घ्यावी का?

एवढ्यात गडद शेडकडे जाऊ नका, कारण राखाडी झाक दर वेळी शेड फिकट असल्यामुळेच येते असं नाही. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये टाल्क किंवा अभ्रकाची पूड असते आणि डाग झाकले जावेत म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं. हे पांढरंशुभ्र असतं. त्वचेचा रंग येतो तो लोहाच्या पिवळ्या, तांबड्या आणि काळ्या ऑक्साइडमुळे. शेड गडद करताना पिवळा-तांबडा भाग कमी पडला आणि काळ्यावरच भर दिला गेला, तर पांढरं आणि काळं मिळून राखाडीच होणार. म्हणून गडदपणा आहे तेवढाच ठेवून, सोनेरी किंवा तांबूस झाक असलेली शेड आधी लावून बघा.

दुसरी गोष्ट, हाताचा रंग चेहऱ्याशी सहसा जुळत नाही. मनगटाची आतली बाजू तर बरीच उजळ असते. शेड बघायची ती जबड्याच्या कडेला.

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ओलसर त्वचेवर पावडर जागोजागी धरते आणि चांगली शेडही ठिपक्याठिपक्यांची दिसते. मग साधारण एकाच गडदपणाच्या तीन शेड घ्या : एक पिवळसर, एक गुलाबीसर, एक मधली. प्रत्येकीची बोटभर रुंद उभी पट्टी गालाच्या खालच्या भागापासून मानेपर्यंत ओढा. पफने दाबून लावा, बोटाने चोळू नका. चोळल्याने त्वचा लाल होते आणि बोटाचं तेलही पावडरमध्ये उतरतं. आता खिडकीपाशी या, पण थेट उन्हात नको. पिवळ्या दिव्याखाली पिवळसर-गुलाबीतला फरक बुजतो. आरसा हातभर लांब धरा. जी पट्टी शोधावी लागते ती तुमची.

लगेच निर्णय मात्र घेऊ नका. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. त्वचेचं तेल पावडरमध्ये मुरतं आणि ओल्या मातीसारखा तिचा रंग गडद होतो. तेलकट त्वचेवर हा फरक चांगलाच जाणवतो, तेव्हा अर्ध्या तासानंतर जी जुळते तीच खरी. फाउंडेशनवर लावणार असाल तर चाचणीही फाउंडेशनवरच करा.

प्रश्न : अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगातली मूळ झाक, ओळखायला मनगटाच्या शिरा बघतात. मला त्या कधी निळ्या, कधी हिरव्या दिसतात.

शिरांवर फार विसंबू नका. त्या किती खोल आहेत आणि उजेड कसा आहे यावर त्यांचा रंग बदलतो. गडद त्वचेत तर त्या धड दिसतही नाहीत. त्यापेक्षा मेकअप न करता, खिडकीपाशी, कोरा पांढरा कागद गालाशेजारी धरा. त्वचा पिवळी-सोनेरी वाटते की गुलाबी, की थोडी हिरवट, ते कळतं. मुरमांची किंवा घासून आलेली लाली यात धरायची नाही. तरी कळलं नाही तर वरच्या तीन पट्ट्याच उत्तर देतात. डबीवरची डब्ल्यू, सी, एन ही अक्षरं साधारणपणे उबदार, थंड आणि मधला अंडरटोन दाखवतात, पण शेडचे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. एका कंपनीतला आपला आकडा दुसरीकडे चालेलच असं नाही.

प्रश्न : कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग काळसर, गाल उजळ, मान तिसऱ्याच रंगाची. शेड कशाशी जुळवू?

जबड्यापाशी गाल आणि मान जिथे मिळतात, तिथला रंग धरा. कपाळ उजळवायला फिकट पावडर लावली की ते राखाडी दिसतं. तिथे आधी नारिंगी झाकेचा करेक्टर (काळसरपणा दबवणारं क्रीम) अगदी पातळ थापा, वर नेहमीची पावडर. पावडरचा थर मुळात पातळ असतो, डाग पूर्ण झाकायचं काम तिच्याकडून होत नाही. मानेची त्वचा जाडसर, मखमली आणि काळी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसेल तेव्हाही असं होतं.

प्रश्न : ट्रान्सल्युसंट पावडर सगळ्यांना चालते म्हणून घेतली. आरशात ठीक, फोटोत डोळ्यांखाली पांढरंफट्ट!

सगळ्यांना चालते, हे फक्त डबीवर. तिच्यात रंग कमी असतो एवढंच, ती अदृश्य होत नाही. अशा पावडरींमध्ये बऱ्याचदा सिलिका असते आणि फ्लॅशचा प्रकाश तिच्यावरून थेट कॅमेऱ्याकडे परततो. डोळ्यांखाली आपण हात सैल सोडतो, म्हणून तिथे आधी दिसतं. पफवर पावडर घेतली की आधी ती हाताच्या पाठीवर दाबून जास्तीची काढा, मग चेहऱ्याला लावा आणि कोरड्या ब्रशने झटका. बाहेर पडण्याआधी खोलीत अंधार करून फ्लॅशसह एक फोटो काढा. सावळ्या आणि गडद त्वचेला पिवळसर किंवा तपकिरी झाकेची लूज पावडर जास्त बरी.

प्रश्न : पावडरमध्ये एसपीएफ (उन्हापासून संरक्षण) आहे, मग सनस्क्रीन लावायलाच हवं का?

हवंच. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर लावून काढतात. एवढी पावडर कोणी लावत नाही. सनस्क्रीन आधी, ते बसल्यावर पावडर. झिंकयुक्त सनस्क्रीनने चेहरा पांढुरका दिसत असेल तर शेडची चाचणी त्यावरच करा.

प्रश्न : कॉम्पॅक्टवर कडक, चकचकीत थर आलाय. पफला पावडर लागतच नाही.

पफवरून चेहऱ्याचं तेल डबीत गेलंय. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, वरचा थर निघून येईल. पफ आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवा आणि आतपर्यंत खडखडीत वाळल्यावरच डबीत ठेवा.