शोभायात्रेत नऊवारी नेसून घोड्यावर बसायचं, तर फेटा की हेल्मेट?

ताई, तुमची मुलगी १४ वर्षांची आहे, घोडेस्वारी शिकतेय, आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा अशा वेशात घोड्यावर बसायचं आमंत्रण तिला आलंय. तुम्ही हेल्मेटचा विषय काढलात तर "पारंपरिक वेशाची शोभा जाईल" असं आयोजकांनी सांगितलं. घरातही दोन तट पडलेत, म्हणून हेल्मेट घालणं हा परंपरेचा अवमान ठरेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्येच मुलांना घोडेस्वारी शिकवते. हेल्मेट हवंच, आणि त्यात कुठल्याही परंपरेचा अवमान नाही. उलट डोकं उघडं ठेवून मिरवणं ही आपल्या घोडेस्वारांची परंपरा कधी नव्हतीच.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाच्या आत पोलादी टोप घातला होता, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बाहेरून बघणाऱ्याला दरबारी पोशाख दिसत होता, आतून डोक्याची आणि छातीची पुरती काळजी घेतलेली होती. तुमच्या मुलीने फेट्याच्या आत हेल्मेट घातलं तर ती नेमकं हेच करणार आहे. आयोजकांशी बोलताना बाकी काही सांगायची गरजच पडू नये.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण वेशाच्या बाबतीत इतका कर्मठपणा दुसरीकडे क्वचितच दिसेल. इंग्लंडमध्ये घोड्यावरून कोल्ह्याची शिकार चालायची. कुत्र्यांकडून अशी शिकार करण्यावर तिथे २००५ पासून कायद्याने बंदी आहे, पण तो वेश अजून टिकून आहे. कोणी लाल कोट घालायचा, कोणी काळा, टोपीमागची रिबीन कोणाची वर आणि कोणाची खाली, सगळं ठरलेलं. मात्र त्या थाटातल्या कितीतरी गोष्टी मुळात जिवाच्या काळजीतून आलेल्या आहेत. गळ्याभोवती गुंडाळायचं पांढरं कापड अपघात झाला तर पट्टी म्हणून किंवा मोडलेला हात गळ्यात अडकवायला कामी यायचं. त्यावरची पिन आडवीच लावायची, म्हणजे पडल्यावर ती गळ्यात घुसत नाही. बायका एका बाजूला दोन्ही पाय ठेवून बसत, आणि पडल्यावर त्यांचे लांब घागरे खोगिराला अडकून त्या फरफटत जात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घागऱ्याची रचनाच बदलली, अडकला तर सुटून येईल असा तो शिवला जाऊ लागला. परंपरा मोडली म्हणून कोणी गळा काढत बसलं नाही.

घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घ्यायच्या ड्रेसाज नावाच्या स्पर्धेत तर वरच्या पातळीवर उंच काळी टोपी म्हणजे प्रतिष्ठा होती. २०१० मध्ये अमेरिकेची ऑलिंपिकपटू कोर्टनी किंग-डाय सरावात घोडा अडखळून पडली, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि ती कोमात गेली. दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये शार्लट डुजार्डिनने टोपीऐवजी हेल्मेट घालून सुवर्णपदक जिंकलं. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने सगळ्यांनाच हेल्मेट सक्तीचं केलं. आता ती उंच टोपी नाही म्हणून खेळाची शान गेली, असं म्हणणारे फारसे उरले नाहीत.

तुमच्याकडे कोणीतरी नक्की म्हणेल की प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ६१ कॅव्हलरी या लष्करी घोडदळाचे जवान साफा बांधूनच दौडतात. खरं आहे. पण ते रोज खोगिरावर बसणारे सैनिक, त्यांचे घोडे बँडच्या आवाजात तयार झालेले, आणि मार्ग मोकळा. तेच जवान पोलोच्या मैदानात उतरतात तेव्हा डोक्यावर हेल्मेट असतं. आपल्याकडे शोभायात्रेत काय असतं ते तुम्ही पाहताच. नाशिक ढोल दोन हातांवर वाजतोय, कोणीतरी मोबाइल घेऊन घोड्याच्या तोंडापर्यंत येतंय, रस्ताभर रांगोळी आणि झेंडूच्या पाकळ्या. घोड्याच्या पायाला लोखंडी नाल असते. काँक्रीटवर आणि पेवर ब्लॉकवर ती आधीच घसरते, वर रांगोळीची भुकटी पडली की विचारायलाच नको. मध्यम उंचीच्या घोड्यावर बसलेल्या तुमच्या मुलीचं डोकं जमिनीपासून साधारण साडेसात फुटांवर असेल. शिकताना खाली रेती किंवा माती होती, इथे डांबर आहे. घोडा चालीत असला तरी उंची तेवढीच राहते, त्यामुळे "नुसतं हळूहळू चालवायचंय" या समजुतीवर विसंबू नका.

फेटा स्वतः काही संरक्षण देत नाही का? जुन्या पद्धतीने घट्ट बांधलेलं जाड कापड थोडाफार मार झेलत असेल, पण आजचा फेटा बहुतेक वेळा टाचण्यांवर उभा असतो आणि हनुवटीखाली त्याला काहीच धरून ठेवत नाही. माणूस जमिनीवर पोहोचायच्या आधी फेटा डोक्यावरून निघालेला असतो. हेल्मेटच्या आतला कडक फोम चेपतो आणि आपटण्याचा जोर स्वतःवर घेतो. तो एकदाच चेपतो, म्हणून कोणाचं पडलेलं, वापरलेलं हेल्मेट उसनं आणू नका. दुचाकीचंही नको, ते वेगळ्या अपघाताचा विचार करून केलेलं असतं आणि जड असतं. घोडेस्वारीचंच घ्या, आत एएसटीएम एफ ११६३ किंवा तशा मानकाची खूण बघून.

आता दोन्ही कसं जमवायचं ते सांगते. जॉकी घालतात तसं पुढे छज्जा नसलेलं गोल हेल्मेट मिळतं. त्यावर कापडी कव्हर चढवायची पद्धत आहेच, आपण त्याजागी फेट्याचं कापड घेऊ. नेहमीच्या फेट्याला आठ-नऊ मीटर कापड लागतं, इथे पातळ मलमलचं तीन-चार मीटर पुरे. आधी हेल्मेट घालून पट्टा लावायचा, मग वरून सैलसर वेढे घेऊन टोक खोचायचं. हेल्मेटला भोक पाडायचं नाही, गोंद किंवा रंग लावायचा नाही, टाचण्या तर अजिबातच नाहीत. पाठीवर रुळणारा शेमला आखूड ठेवा. वेढे जाड नकोत, कारण चाचणी झालेली असते ती नुसत्या हेल्मेटची, त्यावरच्या कापडाच्या गाठोड्याची नाही. ओढलं तर कापड सहज निघून यायला हवं. हनुवटीखालचा पट्टा दिसेल, दिसू द्या. भरगच्च तुऱ्याचा फेटा हवाच असेल तर फोटोपुरता, जमिनीवर उभं राहून.

केसांचं आधी ठरवा. नऊवारीवर खोपा किंवा अंबाडा घालायची हौस असते, पण अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, मागून उचललं जातं आणि पुढे डोळ्यांवर येतं. मानेलगत सैल वेणी घाला, गजरा वेणीच्या टोकाला माळा. हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटांवर राहिली पाहिजे.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते, ते पाय. कोल्हापुरी किंवा मोजडी घालून रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत, पाय द्यायचा नाही. एका मिरवणुकीत एका तरुणाची कोल्हापुरी रिकिबीतून आरपार गेलेली मी जवळून पाहिली. चपलेला टाच नसल्याने तळवा पुढे सरकत घोट्यापर्यंत गेला, अंगठा पलीकडे आडवा अडकला, आणि घोडा फटाक्याने बिथरून मागे सरायला लागला. मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याने, लगाम सोडला नाही आणि दुसऱ्याने पाय मागे ओढून काढला म्हणून तो वाचला. घोडा पळाला असता तर तो मुलगा रस्त्यावरून फरफटत गेला असता, आणि तेव्हा हेल्मेटही फारसं उपयोगी पडलं नसतं. म्हणून सुमारे अडीच सेंटीमीटर टाच असलेला, तळ गुळगुळीत असलेला घोट्यापर्यंतचा बूटच हवा. रिकीब बुटापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर जास्त रुंद असावी. नऊवारीचा घोळ घोट्यापर्यंत येतो, बूट कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही.

नऊवारीची मला काळजी नाही. कासोट्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून नीट बसता येतं. आत जाड लेगिंग घालू द्या, पदर कमरेला घट्ट खोचा. नथ चापाची असू द्या. काचेच्या बांगड्या नकोत. हातात तलवार द्यायचा आग्रह होतो, त्याला सरळ नाही म्हणा, तिचे दोन्ही हात लगामावर हवेत.

आयोजकांशी भांडू नका. त्यांनाही यात्रा सुंदर दिसावी एवढंच वाटतं, आणि फेटा बांधलेलं हेल्मेट एकदा प्रत्यक्ष दाखवलं की बहुतेक जण मान्य करतात. तरीही नाही म्हणाले तर मुलीला लेझीम पथकात चालू द्या, घोड्यावर मात्र बसवू नका. तुम्ही आई आहात, ही परवानगी तुमच्याच हातात आहे.

पाडव्याच्या आधी एखाद्या रविवारी त्याच घोड्यावर, त्याच नऊवारीत, फेटा बांधलेलं हेल्मेट घालून तिला मैदानात फेऱ्या मारू द्या, आणि ढोलपथकातल्या दोघा-चौघांना लांबून वाजवत जवळ यायला सांगा. घोड्याचे कान आणि मान बघत राहा. तो सारखा मागे सरत असेल, तोंड वर फेकत असेल, तर दुसरा घोडा मागा. आणि यात्रेच्या दिवशी मोतद्दार त्या घोड्याच्या ओळखीचाच असेल, हे आजच बोलून ठेवा.