दाराला आतून कडी

मावशी,
मी बारावीला आहे, बहीण आठवीत. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे तिची वेणी, डबा, गृहपाठ सगळं मीच बघत आले. थंडीत माझ्याच गोधडीत शिरायची. हल्ली आमच्या दोघींच्या खोलीला आतून कडी लावते. दोन महिन्यांपूर्वी तिच्या फोनवर वर्गातल्या एका मुलाचे मेसेज दिसले, ते मी आईला सांगितले. तिच्या भल्यासाठीच! तेव्हापासून ती मला 'ताई' म्हणत नाही, नावानं हाक मारते. तिची पाळी सुरू झाल्याचंही मला आठवड्यानं आईकडून कळलं. माझं काय चुकलं?
– एक ताई, कऱ्हाड

पोरी,
चहाडी केलीस, ते चुकलं. रागावू नकोस, मीही हे भोगलंय. शिकवणी बुडवून मी नदीवर गेले होते, ते थोरलीनं वडिलांना सांगितलं. मार किती पडला ते आठवत नाही. पडद्याखालून दिसणारी तिची पावलं मात्र अजून आठवतात.

मेसेजमध्ये असं काय होतं, ते तू लिहिलेलं नाहीस. म्हणजे फारसं काही नसावं. समोरचा मोठा माणूस असता, फोटो मागत असता, धमकावत असता, तर आईला सांगायलाच हवं होतं. तेही आधी बहिणीला 'मी हे आईच्या कानावर घालणार आहे' असं तोंडावर सांगून. (घरात बोलायची सोय नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, दोघींनीही लक्षात ठेवा.) पण आठवीतला मुलगा 'जेवलीस का' विचारतो, त्यात खबर देण्यासारखं काय होतं?

तुझाही सगळा दोष नाही. 'तू मोठी आहेस ना' म्हणत घरानं तुला नकळत छोटी आई करून टाकलं. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वयाला किशोरवय म्हणते. म्हणजे अगं, तूही त्यातच आहेस! तिची वेणी घालता घालता तुझं स्वतःचं चिडणं, लपवणं, आरशासमोर उभं राहणं कुठं गेलं, हे तुला कुणी विचारलं नसेल. तिच्या कडीचा राग येतो, त्यात थोडा हेवाही नाही ना? असला तरी बिघडत नाही.

तेव्हा आईला सांग, 'डबा भरेन, अभ्यास घेईन, पण तिच्या बातम्या माझ्याकडे मागू नकोस.' आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, तेव्हा डब्याचंही बघा म्हणावं.

मग बहिणीची माफी माग. एका वाक्यात, आणि त्यात 'पण' नको. 'पण तुझ्या भल्यासाठी' म्हणालीस की कडी पुन्हा लागलीच समज. समोरासमोर बसवून बोलू नकोस; या वयात डोळ्याला डोळा नको वाटतो. मटार सोलताना बोल, स्कूटीवर ती मागं बसलेली असताना बोल.

खोलीचं म्हणशील तर रोज तासभर खोली फक्त तिची, तासभर फक्त तुझी. कपाटातला एक खण तिचा, त्याला हात लावायचा नाही, आवरायलासुद्धा नाही.

पाळीचं तिनं सांगितलं नाही, याचं तुला सगळ्यात जास्त लागलंय, हे पत्रातच दिसतं. त्याचा जाब मागू नकोस. तुझी पहिली पाळी कुठं आली, कशी फजिती झाली, ते तिला सांग. सुरुवातीची एक-दोन वर्षं तारखा मागंपुढं होतात, हे तिला कुणी सांगितलंय का? नसेल तर ती मनात घाबरत असेल. तेवढं सहज बोलता बोलता सांगून टाक आणि विषय सोडून दे. तिला विचारायचं असेल तर विचारेल, कदाचित रात्री दिवा घालवल्यावर.

राहिलं नावानं हाक मारण्याचं. मारली की ओ दे.
– मावशी