जुनी टीटी-०१ अजून पळेल का?

प्रश्न: नमस्कार दादा, काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दुबईहून आणलेली टामियाची टीटी-०१ ही रिमोटवरची गाडी माझ्याकडे आहे, मोटर किटमधलीच सिल्व्हर कॅन, म्हणजे साधी ब्रशवाली. आमच्या ग्रुपमध्ये बाकीच्यांकडे कार्बन चासीच्या (सांगाड्याच्या), बेल्टने चाकं फिरवणाऱ्या गाड्या आहेत आणि वळण आलं की सगळे मला टाकून पुढे जातात. १३.५ टर्नची, जास्त वेगवान ब्रशलेस मोटर टाकली तर बरोबरी होईल का, की विकूनच टाकू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: विकू नका हो, विकून असे किती येणारेत. आणि १३.५ तर अजिबात नको. मागे पडता ते वळणावर हे तुम्हीच लिहिलंय ना, मग मोटर वाढवून काय होणार, त्याच वळणावर अजून जोरात याल आणि अजून बाहेर फेकले जाल, वर त्या साध्या डॉगबोनची (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांची) आणि प्लास्टिकच्या गिअरबॉक्सची वाट लागेल ती वेगळीच.

आधी एक करा. रेडिओ आणि गाडी दोन्ही ऑन करून पुढचं एक चाक दोन बोटांत धरा आणि डावीउजवीकडे हलवून बघा. सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) जागचा हलत नाही तरी चाक लुटूलुटू हलतंय? टीटी-०१ चं जुनं दुखणं आहे ते, स्टिअरिंगच्या जोडांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा. तिथे बेअरिंगवाला स्टिअरिंग सेट टाका, किटचा मऊ सर्वो सेव्हर (सर्वोला धक्क्यापासून वाचवणारा भाग) काढून हाय टॉर्कवाला लावा. गाडीत अजून प्लास्टिकचे बुश असतील तर तेही काढा, ११ बाय ५ मिमीची बॉल बेअरिंग लागतात, महाग नसतात.

मग टायर. किटचे टायर कडक असतात, आणि इतकी वर्षं पडून राहिलेलं रबर तर काय बोलायलाच नको. ग्रुपमध्ये ठरलेला टायर असेल तर तोच घ्या, नसेल तर जे जिंकतायत ते काय लावतात ते सरळ विचारा, आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या डांबरावर जास्त तापमानासाठी बनवलेलं कंपाउंड लागतं. रिमला कडेने फेविक्विक लावून नीट चिकटवा. डँपर (शॉक अॅब्सॉर्बर) साधे फ्रिक्शनवाले असतील तर ऑइल डँपर हवेतच. मागच्या चाकांना किटमध्ये टो-इन (चाकांची पुढची कड थोडी आत वळवलेली असणं) नसतो, तो देणारे रिअर अपराइट (मागची चाकं धरणारे भाग) मिळतात, ते लावले की थ्रॉटल देताना मागची बाजू सटकायची बरीच कमी होते. डिफमध्ये (वळणावर डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये) तेल ओतू नका, सील नसल्यामुळे सगळं बाहेर येतं, पुढच्या डिफमध्ये घट्ट अँटीवेअर ग्रीस भरा, मागचा हलकाच ठेवा.

एवढं झालं की पिनियनकडे, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरकडे या. किटमध्ये ६१ दातांचा स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) आणि १९ दातांचा पिनियन, आतला रेशो २.६, म्हणजे एकूण ८.३५. पिनियन २२ चा लावला की ७.२१ होतो आणि तीच सिल्व्हर कॅन सरळ रस्त्यावर चांगली ओढते. पाच मिनिटं चालवून मोटरला बोट लावून बघा, टेकवता येत नसेल तर एखाददुसरा दात कमी करा.

निळ्या अॅल्युमिनियमच्या पार्टवर मात्र पैसे घालू नका, दिसतात भारी पण लॅप टाइम काही खाली येत नाही. आणि खरं सांगायचं तर बेल्टवाल्या गाड्यांना १७.५ टर्न मोटरच्या क्लासमध्ये ही गाडी गाठणार नाहीच, ग्रुपमध्ये सिल्व्हर कॅनचा वेगळा क्लास काढा, अशा गाड्या अजून दोनचार घरांच्या माळ्यावर नक्की असतील.

प्रश्न: रिमोटच्या गाडीच्या जुन्या ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) निकेल बॅटरीऐवजी लिपो (लिथियम पॉलिमर) चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: टू-एस म्हणजे दोन सेलची, ७.४ व्होल्टची चालेल, पण जुन्या ईएससीला लिपो कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारी सोय) नसतो. बॅलन्स प्लगला (बॅटरीच्या प्रत्येक सेलशी जोडलेल्या छोट्या प्लगला) अलार्म लावा आणि सेल ३.२ व्होल्टच्या आसपास आला की गाडी थांबवा, ३ च्या खाली गेला तर पॅक कामातून गेला समजा. टीटी-०१ सारख्या चासीत बॅटरीचा खाचा गोल सेलचा असतो, चौकोनी हार्डकेस बसत नाही, म्हणून गोल कडांचा पॅक मागा. आणि निकेलच्या चार्जरवर लिपो चुकूनही लावू नका.