जुनी जिप्सी, ६० हजारांचे बजेट: आधी गंज आणि स्टिअरिंग, मग टायर

तुमची गाडी २००६ ची मारुती जिप्सी किंग एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचे इंजिन), सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताची. राहता गोव्यात फोंड्याला, पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या कुळागरापर्यंत (पोफळीच्या बागेपर्यंत) जायचे आहे, आणि ताशी साठच्या पुढे गाडी वळवळते. तुमच्या यादीत गाडी उंच करायचे लिफ्ट किट, २३५ मिमी रुंदीचे टायर आणि एलईडी बार. यातले फक्त टायर ठेवा, तेही लहान साइजचे. बाकी पैसा कुठे जायला हवा ते सांगतो.

गोव्यात जुन्या जिप्सीचा खरा शत्रू गंज. किनाऱ्याची खारी हवा तर आहेच, शिवाय तांबडा चिखल बॉक्स चॅसीच्या (गाडीच्या पोकळ सांगाड्याच्या) आत जाऊन बसतो, महिनोन्महिने ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून मात्र विकणाऱ्याने मारलेला काळा रंग चकचकीत. मागच्या चाकावर चॅसी जिथे वळण घेते ती जागा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, मागचा क्रॉस मेंबर (आडवा दांडा) आणि बॉडी माउंट (बॉडी चॅसीला जिथे जोडते त्या जागा) हातोडीने हलके ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक; बद्द आला तर तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. पुढची रबर मॅट उचलून फ्लोअरही बघा.

पत्रा शाबूत असेल तर प्रेशर वॉशरचे पाणी चॅसीच्या भोकांतून पुढून मागे सोडा, लाल पाणी यायचे थांबेपर्यंत. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू द्या आणि लांब नळीच्या स्प्रेने आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागाला गंजापासून वाचवणारे मेण) मारा. हे काम मे महिन्यात उरका. जूनमध्ये आतून वाळणार नाही. बाहेर वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, मग रंग. गंजावर थेट रबर कोटिंग मारून घेऊ नका. ते ओल आत कोंडते आणि पुढचा गंज दिसूही देत नाही. वेल्डिंग लागले तर बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढायला सांगा, आणि मागचे काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवूनच. गॅरेजवाला ‘गरज नाही’ म्हणाला तर गॅरेज बदला.

आता वळवळ. नवा स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा शॉक) टाकला की ती थांबते, काही महिन्यांनी परत येते, कारण डँपर फक्त ढिलाई झाकतो. पुढचे चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळते त्या खिळीचे). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर ढिले लागले तर टाय रॉडचे एंड. किंगपिन बदलताना शिम (पातळ चकत्या) लावून प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ठराविक दाब, बसवावा लागतो. नुसती बेअरिंग कोंबून जोडले तर वळवळ तशीच राहते. त्याच वेळी नकलचे (चाकामागच्या वळणाऱ्या सांध्याचे) मोठे ऑइल सील आणि फेल्ट बदलून घ्या, कारण त्यासाठी उघडावे लागते तेच आधीच उघडलेले असते. सील गेले असेल तर आतले ग्रीस पांढरट, दुधाळ दिसेल. म्हणजे ओहोळाचे पाणी आत गेले आहे. जॉइंट धुऊन नवे ग्रीस भरा.

पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी पट्टी) पिन झिजलेल्या असतील तर त्या बदला. पाटे बसले असतील तर पाटेवाल्याकडून मूळ कमानीवर आणून घ्या. यानेच हरवलेली उंची बरीचशी परत मिळते आणि लिफ्टचा निम्मा मोह जातो. पाटे अॅक्सलला धरणारे यू-बोल्ट मात्र नवेच, आणि थोडी गाडी चालवल्यावर पुन्हा आवळायचे. लांब शॅकलची स्वस्त ‘लिफ्ट’ पुढे लावू नका. अॅक्सल फिरतो, कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा किंगपिनचा मागचा कल) कमी होतो, आणि किंगपिनवर खर्च करून घालवलेली वळवळ परत येते. शिवाय ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो. खरी लिफ्ट करायची तर शॉक, होज, प्रोपेलर शाफ्टचा कोन, सगळेच बघावे लागते. ते साठ हजारांत बसत नाही.

टायरसाठी निम्मे पैसे बाजूला ठेवा. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा ७०३, म्हणजे डिफरेन्शियलखाली (अॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली) जवळजवळ १८ मिमी जास्त आणि गिअरिंगवर ५ टक्के भार. २३५/७५ चा ७३३: उंची ३३ मिमी मिळते, पण गिअरिंग १० टक्के जड होते, रिम ६ इंचांचा लागतो, आणि १३०० सीसीचे इंजिन चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर रडते. म्हणून २१५/७५, ऑल टेरेन. तुमचे बहुतेक किलोमीटर ओल्या डांबरावर जाणार आहेत आणि मड टेरेन तिथे घसरतात. चारही टायर एकाच साइजचे, एकाच झिजेचे हवेत. या गाडीत सेंटर डिफरेन्शियल नाही, त्यामुळे फोर व्हीलमध्ये व्यासातला फरक थेट ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचे नाही तेही याच कारणाने. घेताना बाजूचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चिखलात हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. त्याखाली बीड (टायरची रिमवर बसणारी कड) सुटण्याचा धोका. परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवाच.

पुढचे काम जवळजवळ फुकट, तरी कोणी करत नाही: अॅक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचे छिद्र). गरम डिफरेन्शियल थंड ओहोळात उतरले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. दोन्ही ब्रीदरना पेट्रोलसाठी चालणारा रबरी होज क्लिपने जोडा, वर बॉनेटखाली आणि मागे दिव्याजवळ न्या, टोकाला छोटा फिल्टर. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदरही बघून घ्या. स्वस्त स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी नळी) नको. जोड गळका असेल तर तो नुसता शोभेचा. पाण्यातून गेल्यावर मागचे ब्रेक ड्रम उघडून तांबडी माती काढा, नाहीतर ती लायनिंग घासून टाकते.

एलईडी बारचे पैसे वाचवा. चोर्ल्याच्या धुक्यात तो पांढरा पडदाच उभा करतो. हेडलाइटला रिले लावा: बॅटरीवरून २.५ स्क्वेअर मिमी वायर, बॅटरीपासून वितीच्या आत फ्यूज. मूळ ६०/५५ वॅटचेच बल्ब जुन्या स्विचमधून मरणारा प्रकाश परत देतील. १००/९० चे बल्ब होल्डर वितळवतात.

उरलेल्या पैशांत चॅसीला बोल्टने धरणारे पुढे-मागे ओढहूक, ८-९ मीटरचा नायलॉन स्ट्रॅप आणि ४.७५ टनांचे दोन शॅकल (स्ट्रॅप अडकवायच्या लोखंडी कड्या, पाट्यांचे नव्हे). स्ट्रॅप बंपरला किंवा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका.

लिफ्ट आणि बुल बारचा (पुढच्या लोखंडी गार्डचा) विचार पुढे कधी आलाच तर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा: कंपनीच्या मूळ बनावटीत बदल चालत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला गाडी तपासायला न्यावी लागते, तिथेच हे अडते.