ड्यूटी संपते, अभ्यास संपत नाही

"मॅडम, यातून अजून एक तास कुठून काढू?"

वैष्णवीने माझ्या टेबलावर तिचं वेळापत्रक ठेवलं. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.) पट्टीने आखलेले चौकोन, तीन रंगांची पेनं, पहाटे साडेचार ते रात्री साडेबारा. आंघोळीला दहा मिनिटं, जेवणाला पंधरा. रविवारच्या रकान्यात 'घरी फोन' असा अर्ध्या तासाचा एक चौकोन होता. तेवढा एकच पेन्सिलने काढलेला, म्हणजे लागला तर खोडता यावा.

नर्सिंगच्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी बरीच वर्षं येताहेत. शब्द निरनिराळे, दुखणं एकच. "अभ्यास करते तर घरचे म्हणतात बदललीस, घरी गेले तर पुस्तकं डोळ्यांपुढे नाचतात." गेल्या दीड महिन्यात हे चौथ्यांदा ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

आधी पालकांसाठी थोडं. 'नर्सिंगच तर आहे, त्यात एवढं काय' हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकलंय. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे आणि आता सेमिस्टर पद्धतीने चालतं. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी केअर प्लॅन, प्रोसिजर बुक, केस प्रेझेंटेशनची तयारी. परीक्षेला बसायचं तर थिअरीला ८० टक्के हजेरी हवी, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची १०० टक्के भरावी लागते. म्हणजे मावसभावाच्या लग्नाला घेतलेली दोन दिवसांची सुट्टी पुढे ड्यूटी करून फेडायची असते. "दोन दिवसांनी काय बिघडतं गं?" असं मामी सहज म्हणून जाते. मुलीच्या डोक्यात तेव्हा हा हिशोब चालू असतो, आणि तो तिला कोणाला समजावून सांगता येत नाही.

वैष्णवी मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्यातली. घरातून कॉलेजला शहरात आलेली पहिली मुलगी. तिसरं सेमिस्टर, समोर फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी. आधीचे मार्क चांगले होते. नापास व्हायची भीती असण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले, हे सांगून टाकते. मी तिचं वेळापत्रक दुरुस्त करत बसले. सात तास झोप, संध्याकाळी चालणं, मेसमध्ये मैत्रिणींबरोबर जेवण. ती सगळं वहीत उतरवून घेत होती, चांगल्या अक्षरात, मथळा अधोरेखित करून. तिसऱ्या भेटीत विचारलं तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं, आणि ते न झाल्याचा नवा अपराधीपणा मात्र चेहऱ्यावर होता. मी तिला आणखी एक विषय लावून दिला होता!

त्या दिवशी वही बाजूला ठेवायला सांगितलं आणि नुसतं विचारलं, "घरी कसं आहे?"

बराच वेळ ती नखं बघत राहिली. मग म्हणाली, "अप्पांना शुगर निघाली. तीनशेच्या वर. मला वीस दिवसांनी कळलं."

"वीस दिवस?"

"आई म्हणाली, तुझा अभ्यास मोडला असता, म्हणून नाही सांगितलं." आणि मग रडू फुटलं. "मॅडम, मी नर्स होणार आहे आणि माझ्याच घरातलं आजारपण माझ्यापासून लपवतात."

इथे सल्ला द्यायचा मोह फार होतो. फोन करत जा, रोज दहा मिनिटं बोल. मी गप्प राहिले. कारण रोज दहा मिनिटं बोलायला वेळ नसतो असं नाही. ती दहा मिनिटं बोलताना मन पुस्तकात अडकलेलं असतं, ही अडचण. ते तिथे कशाने अडकलंय, ते शोधायचं होतं.

"एक संध्याकाळ पुस्तक उघडलं नाहीस, तर काय होईल असं वाटतं?"

"राहील काहीतरी."

"राहू दे. मग?"

"मग ते कधीतरी वॉर्डात समोर येईल. मला आठवणार नाही. आणि पेशंटचं काही झालं तर?"

माझ्याकडे इंजिनिअरिंगची मुलं येतात, स्पर्धा परीक्षावाली येतात. त्यांची भीती मार्कांची, नोकरीची, लोक काय म्हणतील याची असते. 'मार्क म्हणजे आयुष्य नव्हे' हे त्यांना निदान ऐकवता तरी येतं. नर्सिंगच्या मुलीला ते लागूच पडत नाही. तिच्या भीतीने पांढरा गणवेश घातलेला असतो. सगळं आलंच पाहिजे हा हट्ट तिथे कर्तव्याच्या रूपात येतो. कर्तव्याशी वाद कसा घालायचा? ट्यूटर, आई-वडील, मैत्रिणी सगळे त्या हट्टाचं कौतुकच करतात. मला वाटतं, या मुलींना समजावायला गेलेली बहुतेक माणसं इथेच हरतात.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीने काम करते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली. तिच्यातलं मला सर्वांत उपयोगी पडलेलं सूत्र फार साधं आहे: 'मला हे यावं' ही इच्छा आणि 'मला हे आलंच पाहिजे' ही सक्ती, यांत फरक करायचा. इच्छा माणसाला टेबलाशी बसवते. सक्ती त्याला तिथून उठू देत नाही. पण हे व्याख्यान वैष्णवीला दिलं असतं तर तिने तेही अधोरेखित करून घेतलं असतं. म्हणून आम्ही दोघी तिच्याच वॉर्डात गेलो, बसल्या बसल्या.

"इन्सुलिन देताना तुमच्याकडे काय करतात?"

"डोस दोघींनी तपासायचा. एकीने भरला की दुसरीने बघायचा."

"वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर असली तरी?"

"तरी."

"तिच्यावर भरवसा नाही?"

"तसं नाही मॅडम. कोणीही चुकू शकतं ना. म्हणून तर..." आणि ती थांबली.

मी काही बोलले नाही. बाहेर रिक्षा वळत होती, तिचा आवाज ऐकत बसलो.

"आणि ड्यूटी संपते तेव्हा वॉर्डातलं सगळं काम संपलेलं असतं?"

ती हसली. पहिल्यांदाच. "कधीच नाही! हँडओव्हर द्यायचा असतो. सात नंबरचं ड्रेसिंग राहिलंय, अकराचं सलाईन चालू आहे, चौदाचा रिपोर्ट यायचाय. पुढच्या शिफ्टला बेडवाइज सांगायचं आणि निघायचं."

"काम राहिलेलं असताना निघायचं? अपराधी नाही वाटत?"

"पण हँडओव्हर दिलेला असतो ना."

"आणि अभ्यासाचा हँडओव्हर तू कोणाला देतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कोणालाच नाही. मी ड्यूटीवरच असते. सारखी."

हे वाक्य तिचं आहे. मी फक्त दाराशी नेलं, दार तिने उघडलं. तरी कबूल करते, त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःवर बरीच खूश होते. इतक्या मुलींशी बोलून जे हाती लागलं नव्हतं ते त्यांच्याच वॉर्डात, रोजच्या रजिस्टरात पडलेलं होतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी तर १८५९ सालीच 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात एक अख्खं प्रकरण यावर लिहून ठेवलंय: तुम्ही हजर असताना जे होतं ते तुम्ही नसतानाही कसं होत राहील, याची व्यवस्था लावणं हेही नर्सचं काम. आपण हजर नसू, हे त्यात आधीच धरलेलं आहे.

पुढचं सगळं यातूनच आलं. रात्री दहाला एका छोट्या वहीत चार-पाच ओळी: आज काय झालं, काय राहिलं, उद्या कुठून सुरुवात. ओळी 'उद्याच्या वैष्णवी'ला उद्देशून, वॉर्डात लिहितात तशाच तुटक. मग वही बंद. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त आठवतं, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांना १९२७ मध्ये आढळलं होतं. आणि ते टोचतंही. माझा अनुभव असा की ते पुढे कधी आणि कसं करायचं हे कागदावर उतरलं की टोचणी बरीच उतरते. पहिले चार दिवस तिने दहाला वही लिहिली आणि सव्वादहाला पुन्हा पुस्तक उघडलं. पाचव्या दिवशी झोप लागली.

दुसरा बदल अभ्यासाच्या पद्धतीत. ती एकच धडा तीन रंगांत तीनदा उतरवायची. मी तिला पुस्तक मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला लावलं. तिला ते अजिबात आवडलं नाही, कारण कागद अर्धा रिकामा राहायचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्याने 'येतंय' असं वाटतं, त्या वाटण्यासाठीच या मुली रात्री जागतात. वैष्णवीचे दीड-दोन तास इथेच सुटले. ज्या तासासाठी ती आली होती तो असा वेळापत्रकाच्या आतच सापडला.

मग एक गंमत झाली, आणि ती मला आधी दिसायला हवी होती. ती वडिलांना रोज फोन करू लागली. मी खूश. पंधरा दिवसांनी कळलं की फोनवर ती उपाशीपोटीची शुगर विचारते, पायाला जखम आहे का विचारते, घाम येऊन थरथरलं तर लगेच साखर खा म्हणून बजावते. एकही चूक नाही, उत्तम हेल्थ एज्युकेशन. शेवटी अप्पाच म्हणाले, "बाई, मला पेशंट नको करू. लेकीसारखं बोल."

हे सांगताना तिचा चेहरा पडला होता. घरच्या वेळेवरही तिने गणवेश चढवला होता. आम्ही ठरवलं, शुगरचं आठवड्यातून एकदा, तेही भावाला विचारायचं. अप्पांशी बाकी सगळं. "बाकी सगळं म्हणजे काय बोलू?" तिने खरंच विचारलं. घर सोडल्यापासून ती सवयच मोडली होती. मी म्हटलं, सोयाबीनला भाव काय मिळाला ते विचार.

आई-वडिलांनाही सांगावंसं वाटतं: अभ्यास मोडेल म्हणून घरातली वाईट बातमी लपवू नका. मुलीला ती कळतेच, आणि आपण घराबाहेर पडलोय हेही सोबत कळतं. आणि ती सुट्टीला आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात पोळपाट देऊ नका, आधी झोपू द्या. ट्यूटर मॅडमना एवढंच, की रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलीचं वर्गात उदाहरण देऊ नका. ती सकाळी वॉर्डात कोणाच्या तरी हाताला सुई लावणार असते.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर मात्र वह्या-बिह्यांवर थांबायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

वैष्णवीचा निकाल लागला तेव्हा फार्माकॉलॉजीत तिच्या अपेक्षेपेक्षा चार मार्क कमी होते.

"टोचलं?"

"टोचलं की." तिने लपवलं नाही. "दोन दिवस टोचलं."

त्यानंतर ती आली ती पावसाळा सरत असताना. पोळ्याला एक दिवस घरी जाऊन आली होती, ती ड्यूटी पुढच्या रविवारी भरून देणार होती. तिने टेबलावर हात ठेवले. नखांच्या कडांना अजून लाल रंग होता, बैलांची शिंगं रंगवतानाचा. रॉकेलने घासूनही निघाला नव्हता.

"वॉर्डात सिस्टर केवढ्या ओरडल्या माहितीये?" ती म्हणाली, आणि हात मागे न घेता अप्पांनी बैलाला कशी झूल घातली ते सांगायला लागली.