अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलं, तर तेवढ्यावर फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठात पदवीला प्रवेश मिळेल का?

तेवढ्यावर नाही, फ्रेंच माध्यमाच्या पदवीला बहुतेक विद्यापीठं डेल्फ बी२ (फ्रेंच येत असल्याची अधिकृत परीक्षा, बी२ ही तिची एक पातळी) किंवा त्या तोडीचा दाखला मागतात. मी या परीक्षेची तयारी करून घेतो, त्यामुळे मुलं नेमकी कुठे अडतात ते रोज दिसतं. बोर्डाच्या पेपरात व्याकरण पक्कं असलं की गुण पडतात. बी२ मध्ये मात्र ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुणांचे. पास व्हायला एकूण ५० लागतात आणि एकाही भागात ५ च्या खाली गेलं की खेळ खल्लास. तोंडी परीक्षेत एखादा छोटा मजकूर हातात देतात, अर्धा तास तयारीला, मग स्वतःचं मत मांडून परीक्षकाच्या उलट प्रश्नांना तोंड द्यायचं. क्रियापदांचे तक्ते घोकून हे होत नाही. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज ऐका, कान तयार होतो आणि तिथले संप, निवडणुका, शाळांतले वाद आपसूक कळतात (संस्कृतीचा अभ्यास म्हणजे फक्त चीज आणि आयफेल टॉवर नव्हे!). परीक्षा मुंबई-पुण्यातल्या आलियान्स फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत होते. पहिल्या वर्षाचे अर्ज आधीच्या हिवाळ्यातच भरावे लागतात, म्हणून दाखल्याची सोय बारावीच्या दिवाळीपर्यंत उरकलेली बरी. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांना, उदाहरणार्थ सियांस पो या विद्यापीठाच्या ल हाव्र शहरातल्या कॅम्पसला, बी२ची अट नाही.